घाबरट बाईची गेरवाली सायकल

आमच्या स्टाफरूममध्ये भीती बोलून दाखवायची सोय नाही. आज तुम्ही सहज म्हणालात, "मला बाई पालीची भीती वाटते," की उद्या मधल्या सुट्टीत त्याचा किस्सा झालेला असतो. परवा तो शेजारच्या शाळेत पोचतो आणि आठवड्याने कुणीतरी तुम्हालाच सांगतं, "अहो, एक मॅडम आहेत म्हणे..." मी तर जन्माची घाबरट. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या शाळेत जेवढे किस्से जमले, त्यातले बरेचसे माझ्याच नावावर आहेत. आणि त्यातले निम्मे एका सायकलीचे!

आधी भानगड काय होती ते सांगते. मी राहते बऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात. शाळा दापोऱ्याच्या पुढे. फाट्यापर्यंत बस मिळते, तिथून केळीच्या बागांमधून कच्चा रस्ता. आधी सगळ्यांना घेऊन एक व्हॅन यायची. व्हॅनवाल्याने व्हॅन विकली. हेडसर आणि नितीन सर एका मोटरसायकलवर येऊ लागले. महाजन मॅडमचं घर दापोऱ्यातच, त्यांना यजमान सोडतात. उरले मी. फाट्यापासून चालत पोचेपर्यंत प्रार्थना होऊन गेलेली असायची.

त्यातच हजेरी मोबाईलवर आली. शाळेच्या आवारात उभं राहून मोबाईलला चेहरा दाखवायचा. वेळ टळली की गैरहजर! मला नोटीस आली. मग दुसरी आली. सासूबाई म्हणाल्या, "सोडून दे ना बाई, एवढी दगदग कशाला?" सुनील, म्हणजे माझा नवरा, काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे आईला होकार असतो हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

मला नोकरी सोडायची नव्हती. दुसरीच्या पोरांना मी वाचायला शिकवते. एखादं पोरगं अडखळत अडखळत पहिलं वाक्य पूर्ण करतं आणि मग माझ्याकडे बघतं, ते सोडून मी घरी बसून काय करणार होते? तिसरी नोटीस आली असती तर सगळंच संपलं असतं.

"मग स्कूटी घ्या की!" असं तुम्हीही म्हणाल. घेतली होती. शनवाऱ्याच्या चौकात पडले. मनगटात अजून प्लेट आहे. आता ॲक्सिलेटरवर हात ठेवला की गाडी सुरू व्हायच्या आधी मीच थरथरायला लागते. म्हणून मी ठरवलं, सायकल घ्यायची. शहाणं वाहन. आपण पाय थांबवले की तीही थांबते.

हे मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं. नितीन सर म्हणाले, "उतारावर नाही थांबत, मॅडम."

त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

*

नितीन सर आमच्यातले सगळ्यात तरुण आणि सगळ्यात उत्साही. त्यांच्याकडे कुठलाही विषय न्या, त्यांनी त्याचे व्हिडिओ पाहिलेले असतात. "मॅडम, टेन्शन नका लेऊ! फाट्याच्या रस्त्याला साधी सायकल चालणार नाही. जाड टायरची, गेरवाली पाहिजे. माउंटन बाईक! मी तुम्हाला व्हिडिओ पाठवतो, सब समझ में आ जाएगा."

संध्याकाळी व्हिडिओ आले. मी भाकरी थापत होते, मोबाईल सासूबाईंच्या हातात होता. व्हिडिओत एक गोरा माणूस डोंगराच्या टोकावर सायकल घेऊन उभा होता. त्याने एकदा खाली दरीत पाहिलं आणि उडी मारली! हवेत एक कोलांटी घेतली, खडकावर आदळला आणि तसाच पुढे निघून गेला.

सासूबाईंनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग शांतपणे हाक मारली, "सुनील, हिचा विमा काढला आहे का रे?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, "सर, मला डोंगरावरून खाली नाही यायचं. फाट्यावरून शाळेत यायचंय!"

"एकच आहे, मॅडम. आपला रस्ता बघितला ना?"

*

पहिल्या फेरीला नितीन सरच आले दुकानात. दुकानदार तरुण मुलगा, बोलायला मोठा गोड. मला बघताच त्याने गुलाबी सायकल पुढे केली. पुढे टोपली, टोपलीवर फूल. खरं सांगते, मी ती घेतलीच असती. त्या टोपलीमुळे सायकल फार जवळची वाटत होती. सर कानाशी येऊन म्हणाले, "टायर पाहा मॅडम, केवढे बारीक. काळ्या मातीत रुतली तर टोपलीसकट तुम्हालाच उचलून आणावं लागेल."

मग त्या मुलाने दुसरी काढली. पुढे शॉकअप, मागे शॉकअप. सीट दाबून दाखवली. सीट खाली गेली, वर आली. "मॅडम, सोफा है सोफा!"

मी बसले. खरोखर सोफा! माझा जीव भांड्यात पडला. पायडल मारलं तर सायकल जागच्या जागी खालीवर झाली, पुढे म्हणून सरकेना.

सर म्हणाले, "स्वस्तातला डबल शॉकअप घ्यायचा नाही, मॅडम. लोखंड वाढतं, जोर सगळा स्प्रिंग खाते. आपल्याला शाळेत जायचंय, बसायचं नाहीये." मग त्यांनी फक्त पुढे शॉकअप असलेली एक काळी सायकल निवडली आणि म्हणाले, "दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहा. दांडी आणि तुमच्यामध्ये चार बोटं जागा राहिली तर मापाची."

मी साडीत होते! दुकानात चार गिऱ्हाईकं. मी सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे पाहिलं. दुकानातल्या मुलाने फारच समजूतदारपणे विचारलं, "मॅडम, नाप घर से लेके आ जाएंगे क्या?"

*

दुसऱ्या फेरीला मी पंजाबी ड्रेस घालून सुनीलला घेऊन गेले. चार बोटं जागा राहिली. मला वाटलं, झालं एकदाचं. पण सुनील कापडाच्या दुकानात काम करतो. ठाण उलगडून दोन्ही टोकं बघितल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नाही. तो सायकलीभोवती फिरला आणि त्याचा चेहरा बदलला.

"स्टँड कुठं आहे?"

"स्टँड नहीं आता भैया, इसमें."

"कॅरियर?"

"नहीं आता."

"घंटी? मडगार्ड? चेनचं कव्हर?"

"कंपनी से ऐसी ही आती है."

सुनीलने मला हाताला धरून बाजूला घेतलं. "चल इथून. चोरीची आहे. सगळं सामान उतरवून घेतलंय हिच्या अंगावरचं!"

मी समजावलं, नितीन सरांना फोन लावून दिला, सरांनी समजावलं. सुनील फोनवर ओरडत होता, "अहो सर, नवी नवरी कधी बिनदागिन्याची उभी राहते का?" शेवटी तो मुलगा कंटाळून म्हणाला की स्टँड आणि घंटी मी लावून देतो. त्यावर सुनीलचा संशय पक्काच झाला. "पाहिलं? म्हणजे होतं त्याच्याकडे!"

आम्ही हात हलवत परत आलो. फाट्यावरची चाल पुन्हा सुरू. त्या आठवड्यात एकदा माझी हजेरी अगदी थोडक्यात हुकली. मी फाटकात होते आणि वेळ टळली. मी स्टाफरूमच्या मागे जाऊन रडले. महाजन मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सायकल घ्या बाई आता कोणतीही. नाहीतर तुमच्या वर्गावरही मलाच बसवतील."

*

तिसऱ्या फेरीला सुनीलने भिकामामांना बोलावलं. हे त्याचे सख्खे मामा, खकनारकडचे. केळी आहे, कापूस आहे. पण नाव आहे ते बैल पारखण्यात. आजूबाजूच्या गावांतले लोक बैल घ्यायला जाताना मामांना सोबत नेतात. सुनीलचं म्हणणं सोपं होतं. "मामाला आजवर कुणी फसवलेलं नाही."

मामांनी सायकल पुढून पाहिली, मागून पाहिली. मागच्या टायरवर थाप मारली. मग दुकानदाराला म्हणाले, "चालवून दाखव." तो मुलगा बसायला लागला तर त्याला उतरवलं. "बसू नको. नुस्ती चालव. चाल पाहू दे." त्या बिचाऱ्याने सायकल हाताने धरून रस्त्यावर पाच फेऱ्या मारल्या. मामा डोळे बारीक करून चाकं बघत होते. बाजूचा पानवालाही बघत होता.

मग मामांनी विचारलं, "खोड काय हाये हिची?"

"खोड? काका, नई है।"

"नव्याले खोड नसते असं कुठं लिहून ठेवलं हाये? मारकी हाये, बसती हाये, बुजती हाये, जे असंल ते आधी सांग. घरी गेल्यावर नाही चालत."

"काका, गाडी एकदम बढ़िया है..."

"ज्याच्यात खोड नाही तो बैल मी घेत नाही. मालक लपवू राह्यला असं समजतो."

हे बराच वेळ चाललं. शेवटी तो मुलगा वैतागून म्हणाला, "ठीक है काका! धूल जाती है तो ब्रेक की डिस्क थोड़ी आवाज करती है! और गेर एक महीने बाद फिर सेट करवाना पड़ता है!"

मामांचा चेहरा फुलला. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हां! आता कसा माणसासारखा बोलला. पोरी, घे ही."

*

भाव ठरवण्याचा किस्सा तर बऱ्हाणपुरात बऱ्याच घरांत पोचला आहे.

मुलाने कॅल्क्युलेटर काढला. मामांनी तो बाजूला सारला आणि खांद्यावरचा गमछा काढून हातावर टाकला. बैलबाजारात भाव असाच होतो. कापडाखाली दोघांनी हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. मुलगा मामांच्या गमछ्याकडे बघतच राहिला. पण आत गादीवर त्याचे म्हातारे वडील पडलेले होते. ते उठले! चष्मा लावला, पुढे आले आणि गमछ्याखाली हात घातला.

दोघं एकमेकांच्या डोळ्यात बघत होते. एकदा मामांनी मान हलवली. एकदा म्हातारबाबांनी "राम राम राम" म्हटलं. मुलगा बिचारा विचारतोय, "पापा, कितने में? पापा!" कोणी उत्तर देईना. मग हात सुटले, दोघं हसले, मामांनी सुनीलकडचं पाकीट घेऊन त्यातून काही मोजलं, आडोशाला म्हातारबाबांच्या हातात दिलं आणि उरलं त्याची सगळ्यांना मावा जिलेबी आणली.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी विचारलं, "केवढ्याला पडली, मॅडम?"

"माहीत नाही, सर."

"सुनीलरावांना?"

"नाही माहीत."

"मग दुकानदाराला तरी?"

"त्याच्या वडिलांना आहे. पण ते त्याला सांगत नाहीत!"

*

निघताना त्या मुलाने सायकलीसोबत कुलूप दिलं, साखळीचं, किल्लीसकट. मामांनी ते परत त्याच्या हातात ठेवलं. "बैलाचं दावं इकणाऱ्याकडेच राह्यते. त्याची लक्ष्मी हाये ती. आपण नाही नेत." आम्ही बिनकुलपाची सायकल घेऊन निघालो.

आणि निघालो ते पायी! मी बसायला गेले तर मामांनी हँडल धरलं. "आज जुपायचं नाही. पह्यला दिवस हाये. चालत घरी नेऊ, दारात पाय धुऊ, मग उद्यापासून काम." आता मामांपुढे कोण बोलणार? बाजारातून राजपुऱ्यापर्यंत मी कोरी करकरीत सायकल हाताने ओढत, पुढे मामा, मागे सुनील. तशी मला बसायची भीतीच वाटत होती, त्यामुळे आतून जरा बरंच वाटलं. पण प्रत्येक दारातून एकच प्रश्न.

"पंक्चर झाली का, ताई?"

"नाही हो, नवीन आहे."

शेजारच्या काकू फार काळजीने म्हणाल्या, "मग बिल हाये ना? आत्ताच्या आत्ता बदलून आणा!"

*

शिकवणी तापीकाठच्या मोकळ्या जागेत झाली. लहानपणी वडिलांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून मी चालवलेली होती, तेवढंच भांडवल. सुनील मागून सीट धरून पळायचा. मी म्हणायचे, "सोडू नको!" तो म्हणायचा, "धरलंय!" नवऱ्याचा आवाज दुरून येतोय हे कळलं की मी किंचाळायचे आणि तो धावत येऊन पुन्हा धरायचा. थांबवायचा पण तोच.

नितीन सर एकदा बघायला आले आणि जाता जाता एवढंच बोलले, "बाकी छान, मॅडम. फक्त पुढचा डिस्क ब्रेक एकदम दाबू नका, हँडलवरून उलट्या पडाल." झालं! त्यानंतर मी दोन्हीपैकी एकाही ब्रेकला बोट लावलं नाही. पुढचा कोणता हे ऐन वेळी विसरले तर?

गेरचं तेच. त्या खटक्यांना हात लावला की आत काहीतरी कडकड वाजायचं, आणि मला वाटायचं मोडलं. शेवटी महाजन मॅडमनी विचारलं, "एवढे गेर आहेत, तुम्ही कोणत्या गेरवर चालवता?"

म्हटलं, "दुकानातून आला त्याच!"

*

आणि हा सोमवारचा. हा मी कुणाला सांगितलेला नाही, शाळेनेच गावभर केला.

मामांच्या ओळखीच्या केळीच्या पिकअपमधून सायकल फाट्यावरच्या चहावाल्याकडे येऊन राहिली होती. त्या दिवशी बस उशिरा आली. मी उतरले, डोक्यावर हेल्मेट घातलं, देवाचं नाव घेतलं आणि एकटीच बसले. सीट धरायला मागे कोणी नव्हतं. केळीची कापणी चालू होती. डोक्यावर घड घेतलेल्या बाया समोरून येत होत्या. मी लांबूनच ओरडायला सुरुवात केली, "बाजूला व्हा! मला थांबता येत नाही!" सगळ्या पटापट बांधावर चढल्या. एकीने वरून विचारलं, "मॅडम, कोण मागे लागलंय?" मी चिखलातून गेले, खड्ड्यातून गेले, अंगावर पिचकाऱ्या उडाल्या, आणि सायकल चालत राहिली. बघता बघता फाटक आलं!

आत प्रार्थना चालू. पोरं रांगेत, हात जोडलेले. मी फाटकातून आत शिरले आणि मग कळलं की उतरायचं कसं ते मला कुणी शिकवलंच नाही.

मी पोरांच्या रांगांना वळसा घातला. हेडसरांनी एक डोळा उघडला. दुसऱ्या वळशाला दोन्ही. पोरांनी प्रार्थना सोडली नाही, पण माना माझ्याबरोबर फिरत होत्या.

"उतरा, मॅडम!"

"येत नाही, सर!"

"ब्रेक दाबा!"

"उलटी पडेन!"

नितीन सर बाजूने धावू लागले. मी त्यांच्यावर ओरडले, "हात लावू नका!" महाजन मॅडम घड्याळ दाखवत होत्या. हजेरीची वेळ संपत आली होती. फोन माझ्या पाठीवरच्या पिशवीत, मी आवारात, आणि तरीही गैरहजर!

हेडसर पुढे आले. छाती भरून श्वास घेतला आणि जेवढा होता तेवढा आवाज लावला.

"शाळाऽऽ, सावधान!"

माझे दोन्ही पाय जमिनीवर आले! सायकल मधोमध, मी ताठ. राष्ट्रगीत सुरू झालं, आता तर कोणालाच हलता येईना. मीही म्हटलं, हँडल धरून, सगळं. संपल्यावर सरांनी "विश्राम" म्हटलं; माझी बोटं हँडलवरून सुटेनात.

महाजन मॅडम धावत आल्या, पिशवीतून मोबाईल काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. मोबाईल म्हणाला, चेहरा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा.

नितीन सरांनी रुमालाने माझ्या गालावरचा चिखल पुसला. चेहरा जुळत नाही.

हेडसरांनी हेल्मेट काढलं. चेहरा जुळत नाही.

महाजन मॅडमनी मोबाईलमधला, हजेरीसाठी काढलेला माझा जुना फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

"अहो बाई, तुम्ही हसू राहिल्या! इथं कशा आहेत पाहा. तशा घाबरा बरं लवकर!"

"घाबरा मॅडम, घाबरा!" हेडसर घड्याळाकडे बघत ओरडले. "वेळ संपू राहिली!"

मी मनापासून प्रयत्न केला. तोंड काही मिटेना!